डायइथाइल झिंक: हवा लागताच पेटणारे हे रसायन पुस्तके वाचवण्यासाठी का वापरले गेले?

आग लागली की पाणी ओतायचे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण एक द्रव असा आहे की त्याच्यावर पाणी ओतले, तर आग विझण्याऐवजी आणखी भडकते. त्याला पेटवायला काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. बाटलीतून बाहेर सांडला आणि हवेशी संपर्क आला, की तो आपोआप पेट घेतो. दिसायला मात्र अगदी पाण्यासारखा रंगहीन. या द्रवाचे नाव आहे डायइथाइल झिंक.

असे रसायन पुस्तकांच्या आसपासही फिरकू नये, असे कोणालाही वाटेल. पण १९८० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एकाने, आपली जुनी पुस्तके वाचवण्यासाठी याच रसायनाची निवड केली होती. त्यासाठी ‘नासा’च्या एका केंद्रात खास यंत्रणा उभारली गेली. पुढे त्या यंत्रणेत आग लागली, स्फोट झाला आणि शेवटी लष्कराच्या स्फोटकतज्ज्ञांना बोलावून ती निकामी करावी लागली.

हे रसायन नेमके आहे काय, ते हवेत का पेटते, पाण्याशी त्याचे एवढे वैर का आणि इतके धोकादायक असूनही ते आजही का वापरले जाते, हे समजून घेऊ या.

थोडक्यात महत्त्वाचे

- डायइथाइल झिंक हे जस्त आणि कार्बन यांच्या थेट बंधातून बनलेले संयुग आहे.
- हवा लागताच ते पेटते आणि पाण्याशी त्याची स्फोटक क्रिया होते.
- १८४८ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी ते तयार केले.
- आज ते औषधनिर्मितीतील संशोधन, सौर पेशी आणि प्लॅस्टिक उद्योगात वापरले जाते.
- त्याची आग पाणी, फेस किंवा कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाने विझवायची नसते.

डायइथाइल झिंक म्हणजे काय?

झिंक म्हणजे आपले नेहमीचे जस्त. गंज लागू नये म्हणून लोखंडी पत्र्यांवर याच जस्ताचा थर दिलेला असतो. खाज येणाऱ्या त्वचेवर लावायच्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये जस्ताचे ऑक्साइड असते. जेवणातून रोज थोडे जस्त शरीराला मिळावेच लागते. थोडक्यात, जस्त हा काही भीतीदायक धातू नाही.

पण मूलद्रव्य कोणाशी जोडले गेले आहे, यावर त्याचा स्वभाव ठरतो. मिठातले सोडियम आपण रोज खातो, पण शुद्ध सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. जस्ताचेही तसेच आहे. डायइथाइल झिंकच्या रेणूत मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इथाइल गट असतो. इथाइल गट म्हणजे दोन कार्बन आणि पाच हायड्रोजन अणूंचा समूह. ‘डाय’ म्हणजे दोन. म्हणून नाव डायइथाइल झिंक.

ज्या संयुगांमध्ये धातू थेट कार्बनला जोडलेला असतो, त्यांना सेंद्रिय धातू संयुगे म्हणतात. जस्ताच्या अशा संयुगांची एक मोठी शाखाच रसायनशास्त्रात आहे आणि तिची सुरुवात या संयुगापासून झाली.

एका नजरेत गुणधर्म

- स्वरूप: रंगहीन, पातळ द्रव
- रेणुभार: सुमारे १२३.५
- गोठणबिंदू: उणे २८ अंश सेल्सिअस
- उत्कलनबिंदू: सुमारे ११७ अंश सेल्सिअस
- घनता: सुमारे १.२, म्हणजे पाण्यापेक्षा जड
- हवेत: आपोआप पेटते
- पाण्याशी: अतिशय जोरदार क्रिया, ज्वलनशील इथेन वायू बाहेर पडतो
- कशात विरघळते: हेक्झेन, टोल्युइन यांसारख्या, पाण्याचा अंश नसलेल्या द्रावकांत

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हवा आणि ओलावा यांपासून दूर ठेवले, तर हे संयुग नेहमीच्या तापमानाला टिकून राहते. ते स्वतःहून फुटणारे बॉम्बसारखे रसायन नाही. मात्र जास्त तापवले तर ते विघटित होते आणि बंद भांड्यात ही क्रिया स्फोटक ठरू शकते.

त्याचा शोध कसा लागला?

१८४८ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड हे इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या क्वीनवुड कॉलेजात शिकवत होते. वय जेमतेम २३. त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना एक प्रश्न सतावत होता. इथाइलसारखे गट एका संयुगातून दुसऱ्या संयुगात जसेच्या तसे जाताना दिसतात, मग ते सुटे करून बाटलीत भरता येतील का?

फ्रँकलंड यांनी इथाइल आयोडाइड आणि जस्त काचेच्या बंद नळीत एकत्र तापवले. आयोडीन जस्ताने ओढून घ्यावे आणि इथाइल मोकळा व्हावा, असा त्यांचा हिशेब होता. इथाइल सुटा मिळाला नाहीच. पण नळीत एक अनपेक्षित द्रव तयार झाला. जस्तानेच इथाइलला धरून ठेवले होते.

पुढे फ्रँकलंड जर्मनीतील मारबुर्ग येथे रॉबर्ट बन्सेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. शाळेच्या प्रयोगशाळेतील बन्सेन बर्नर ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे बन्सेन. तिथे १८४९ मध्ये फ्रँकलंड यांनी याच कुळातले, मिथाइल गटाचे संयुग तयार केले आणि नळीत उरलेल्या पदार्थावर पाणी घातले. क्षणात काही फूट लांबीची हिरवट निळी ज्वाला नळीतून बाहेर पडली आणि प्रयोगशाळाभर उग्र वास पसरला.

बन्सेन घाबरले, आणि त्याला कारण होते. आर्सेनिकच्या अशाच संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात त्यांनी स्वतः एका डोळ्याची दृष्टी गमावली होती. आपल्या विद्यार्थ्याला आर्सेनिकची विषबाधा झाली, आता तो वाचत नाही, असेच त्यांना वाटले. पण तपासल्यावर तो आर्सेनिक नसून जस्ताचा प्रताप आहे, हे स्पष्ट झाले.

या शोधातून रसायनशास्त्राला एक फार मोठी गोष्ट मिळाली. जस्ताचा अणू नेहमी दोनच गट धरतो, कथिल, आर्सेनिक यांसारख्या इतर मूलद्रव्यांचेही ठरावीक प्रमाण असते, हे फ्रँकलंड यांच्या लक्षात आले. १८५२ मध्ये त्यांनी मांडलेल्या या विचारातूनच संयुजेची कल्पना पुढे आली. शाळेत ‘ऑक्सिजनची संयुजा दोन, कार्बनची चार’ असे जे पाठ केले जाते, त्याचे मूळ इथे सापडते.

गंमत म्हणजे, पाण्याशी इतके वैर असलेल्या संयुगाचा जनक असलेल्या फ्रँकलंड यांनी आयुष्याचा पुढचा मोठा काळ लंडनच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करण्यात घालवला.

ते हवेत आपोआप का पेटते?

लाकूड, कागद, पेट्रोल हे सगळे ऑक्सिजनशी क्रिया करूनच जळतात. पण ती क्रिया सुरू व्हायला सुरुवातीचा एक धक्का लागतो. काडी ओढून आपण तो देतो. डायइथाइल झिंकच्या बाबतीत हा धक्का इतका कमी लागतो, की खोलीतले तापमानच पुरेसे होते. अशा पदार्थांना स्वयंज्वलनशील म्हणतात.

याची तीन कारणे आहेत.

पहिले, जस्त आणि कार्बन यांच्यातला बंध मुळात फार मजबूत नाही. शिवाय त्यातले इलेक्ट्रॉन कार्बनच्या बाजूला झुकलेले असतात. त्यामुळे कार्बन क्रियेला आतुर असतो.

दुसरे, रेणूची रचना सरळ रेषेत असते. मध्ये जस्त आणि दोन टोकांना दोन गट. जस्ताच्या भोवती बरीच जागा मोकळी राहते, इलेक्ट्रॉन स्वीकारायची क्षमताही शिल्लक असते. ऑक्सिजनला किंवा पाण्याला जस्तापर्यंत पोहोचायला फारसा अडथळा नसतो.

तिसरे, क्रिया पूर्ण झाल्यावर जे तयार होते, ते अतिशय स्थिर असते. जस्ताचे झिंक ऑक्साइड होते, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. उंच कड्यावरून दगड खाली यावा, तशी या प्रवासात भरपूर ऊर्जा बाहेर पडते. तिची उष्णता उरलेल्या द्रवाला तापवते आणि क्रिया आणखी वेग घेते. जळताना जो दाट पांढरा धूर दिसतो, तो प्रामुख्याने झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांचा असतो.

बाजारात हे रसायन बहुधा हेक्झेन किंवा टोल्युइनमध्ये विरघळवलेल्या द्रावणाच्या रूपात मिळते. पातळ द्रावण हवेत शुद्ध द्रवाइतके तत्काळ पेटेलच असे नाही. पण त्याने निर्धास्त होण्यात अर्थ नाही. द्रावक उडून गेला की मागे राहिलेले रसायन पेट घेऊ शकते, आणि हेक्झेन हा स्वतःच अत्यंत ज्वलनशील आहे. म्हणजे काडी आणि इंधन एकाच बाटलीत.

पाण्याने आग का भडकते?

पाण्याचा रेणू दिसताच डायइथाइल झिंक आपले दोन्ही इथाइल गट सोडते. प्रत्येक गट पाण्यातून एक हायड्रोजन घेतो आणि इथेन वायू बनतो. जस्त ऑक्सिजनला धरून झिंक ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड बनते.

हिशेब केला तर धोका किती आहे ते कळते. १०० ग्रॅम डायइथाइल झिंक, म्हणजे चहाचा एक छोटा कप भरेल एवढा द्रव, पाण्याशी पूर्ण क्रिया करतो तेव्हा खोलीच्या तापमानाला सुमारे ४० लिटर इथेन तयार होतो. इथेन हा ज्वलनशील वायू आहे. त्याच क्षणी भरपूर उष्णताही बाहेर पडते. बंद भांड्यात हे घडले तर दाब अचानक वाढून भांडे फुटते. उघड्यावर घडले तर वायू पेटतो.

म्हणूनच या रसायनाची वाहतूक अतिशय कडक नियमांखाली होते. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात ‘स्वयंज्वलनशील आणि पाण्याशी क्रिया करणारे द्रव सेंद्रिय धातू संयुग’ असा वेगळा गट आहे आणि त्याचा क्रमांक ३३९४ आहे.

पुस्तकांशी याचा काय संबंध?

घरातले पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पुस्तक उघडले की बऱ्याचदा पाने पिवळी पडलेली दिसतात. कोपरा दुमडला तर तुकडाच हातात येतो. पण त्याहून जुन्या, हाताने बनवलेल्या कागदावरच्या पोथ्या मात्र अनेकदा चांगल्या अवस्थेत असतात. असे का?

एकोणिसाव्या शतकात कागद यंत्रावर आणि लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला. त्यावर शाई पसरू नये म्हणून राळ आणि तुरटीच्या जातीचा अॅल्युमिनियमचा क्षार वापरला जाऊ लागला. या क्षारामुळे कागदात हळूहळू आम्ल तयार होते. ते कागदातील सेल्युलोजचे लांब धागे तोडत जाते. धागे तुटले की कागद ठिसूळ होतो. म्हणजे पुस्तक कपाटात नुसते उभे असले, तरी आतून झिजत असते.

लायब्ररी ऑफ काँग्रेससमोर अशी लाखो पुस्तके होती. एकेक पान सोडवून, अल्कलीच्या पाण्यात बुडवून, सुकवून पुन्हा बांधायचे म्हटले, तर पिढ्यान्‌पिढ्या पुरल्या नसत्या. हवा होता असा उपाय, जो हजारो बंद पुस्तकांतल्या प्रत्येक पानापर्यंत एकाच वेळी पोहोचेल. तो द्रव असून चालणार नव्हते, कारण त्याने शाई पसरते आणि कागद आकसतो. वाफ किंवा वायूच हवा होता.

ग्रंथालयातील संशोधकांना १९७० च्या दशकात उत्तर सापडले ते डायइथाइल झिंकच्या वाफेत. कल्पना खरोखर सुंदर होती. ही वाफ मिटलेल्या पुस्तकाच्या पानापानांत शिरते. आम्ल भेटले की त्याच्याशी क्रिया करून ते संपवते. कागदात उरलेला किंचित ओलावा भेटला की झिंक ऑक्साइड बनते. हे झिंक ऑक्साइड कागदातच राहते आणि पुढे कधी नवे आम्ल तयार झाले, तर त्यालाही मारते. म्हणजे आजचा इलाजही झाला आणि उद्याची तरतूदही.

अर्थात, हे सगळे हवेविना करावे लागणार होते. पुस्तके मोठ्या निर्वात कक्षात ठेवायची, हवा काढून घ्यायची, उष्णता देऊन कागदातला जवळपास सगळा ओलावा काढायचा, मग डायइथाइल झिंकची वाफ सोडायची. काम झाले की शिल्लक रसायन पूर्णपणे बाहेर काढायचे आणि शेवटी पुस्तकांना त्यांचा ओलावा परत द्यायचा.

निर्वात कक्षांचा अनुभव असलेली संस्था म्हणजे ‘नासा’. अंतराळयानाच्या चाचण्यांसाठी असे कक्ष तिथे होतेच. मेरीलँड राज्यातील ग्रीनबेल्ट येथील गोडार्ड अंतराळ केंद्रात एका खेपेला सुमारे ५,००० पुस्तकांवर प्रयोग झाला. पुढे त्याच केंद्रात या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली.

गोडार्ड केंद्रात काय घडले?

डिसेंबर १९८५ मध्ये या यंत्रणेत आग लागली. त्यानंतर फेब्रुवारी १९८६ मध्ये स्फोट झाला आणि इमारतीचे नुकसान झाले. यंत्रणेत पूर्णपणे न निघालेले द्रव डायइथाइल झिंक आणि पाणी यांची गाठ पडणे, हे या दुर्घटनेच्या मुळाशी होते.

स्फोटानंतरही धोका संपला नव्हता. नळ्यांमध्ये आणि टाक्यांमध्ये रसायन शिल्लक होते आणि जवळ जाऊन झडपा उघडणे जिवावर बेतले असते. अखेर लष्कराचे स्फोटकतज्ज्ञ आले आणि त्यांनी ती यंत्रणा निकामी केली.

या प्रकरणातून एक गोष्ट उघड झाली. कल्पना चुकीची नव्हती, रसायनशास्त्रही चुकीचे नव्हते. प्रश्न होता तो हाताळणीचा. ग्रंथालयाला कागद कळत होता, अंतराळ केंद्राला निर्वात कक्ष कळत होते. पण टनावारी स्वयंज्वलनशील द्रव रोज हाताळण्याचा अनुभव असतो तो रसायन उद्योगाला.

म्हणूनच पुढचा टप्पा रसायन उद्योगाकडे गेला. टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ, अशी संयुगे बनवणाऱ्या टेक्सास अल्किल्स कंपनीच्या आवारात नवे प्रायोगिक संयंत्र उभे राहिले. ते अक्झो या मोठ्या रासायनिक कंपनीच्या अखत्यारीत चालले आणि तिथे पुस्तकांवर यशस्वी प्रक्रियाही झाली. पण खर्च मोठा होता, काही पुस्तकांना वास राहत होता, काहींच्या मुखपृष्ठांवर डाग पडत होते आणि पुरेसे ग्राहक मिळत नव्हते. १९९४ मध्ये कंपनीने हे काम थांबवले.

त्यानंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसने वेगळी पद्धत स्वीकारली. तिच्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असलेला द्रव पानांवर बसवला जातो. ही पद्धत बंद पुस्तकात वाफेसारखी शिरत नाही, पण तिला निर्वात कक्ष लागत नाही आणि ती हवेत पेटतही नाही.

मग आज हे रसायन कुठे वापरले जाते?

ज्या स्वभावामुळे डायइथाइल झिंक धोकादायक ठरते, तोच स्वभाव योग्य ठिकाणी कामाला येतो.

*सौर पेशी आणि इलेक्ट्रॉनिक्स:* झिंक ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पारदर्शक असतो आणि त्यातून वीजही वाहू शकते. काही प्रकारच्या सौर पेशींना असाच थर हवा असतो. तो बसवण्याच्या एका पद्धतीत कक्षात आधी डायइथाइल झिंकची वाफ सोडतात, मग निष्क्रिय वायूने ती झाडून काढतात, मग पाण्याची वाफ सोडतात. प्रत्येक फेरीत जेमतेम दोन दशांश नॅनोमीटरचा थर चढतो. म्हणजे गोडार्डमध्ये जिने स्फोट घडवला तीच क्रिया, पण इथे ती अणूंच्या एकेका थरापुरती बांधून ठेवलेली असते. मधली ती झाडण्याची पायरीच सगळा फरक घडवते.

*औषधांचे संशोधन:* अनेक औषधांचे रेणू डाव्या आणि उजव्या हातासारखे दोन रूपांत असतात आणि त्यांतले एकच हवे असते. डायइथाइल झिंक हवेशी जरी उग्र असले, तरी अल्डिहाइड नावाच्या संयुगांशी एकटे असताना ते अगदी संथपणे क्रिया करते. योग्य उत्प्रेरक घातला तरच क्रिया वेग घेते, आणि उत्प्रेरक सांगेल त्याच ‘हाता’चा रेणू तयार होतो. १९८० च्या दशकात जपानमधील रसायनशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. त्यांतले एक होते र्‍योजी नोयोरी. पुढे २००१ मध्ये हायड्रोजनीकरणावरील कामासाठी त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. कार्बनचे तीन अणूंचे कडे तयार करण्याच्या एका नावाजलेल्या पद्धतीतही डायइथाइल झिंक वापरतात.

*प्लॅस्टिक:* प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तयार होत असताना त्या एका उत्प्रेरकाकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम हे संयुग करते. त्यातून एकाच साखळीत कडक आणि लवचीक असे दोन्ही तुकडे जोडता येतात. डाऊ कंपनीच्या संशोधकांनी २००६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली.

जस्ताची इतर सेंद्रिय संयुगे तुलनेने शांत असतात आणि त्यांचे महत्त्वही मोठे आहे. अशाच संयुगांवर आधारलेल्या एका पद्धतीसाठी एइ-इची नेगिशी यांना २०१० च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

शरीरावर काय परिणाम होतो?

सर्वांत मोठा धोका भाजण्याचा. द्रव त्वचेवर किंवा डोळ्यात गेला, तर तिथल्या ओलाव्याशी लगेच क्रिया होते. त्यामुळे उष्णतेने भाजते आणि रसायनानेही भाजते. कपड्यांवर सांडला तर कपडे पेटतात.

दुसरा धोका धुराचा. जळताना निघणारा झिंक ऑक्साइडचा ताजा धूर श्वासावाटे गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येणे, अंग दुखणे, खोकला, तोंडाला धातूसारखी चव येणे असा त्रास होऊ शकतो. याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. जस्ताचा थर असलेल्या पत्र्याचे किंवा पाइपांचे वेल्डिंग करणाऱ्या कामगारांनाही हाच त्रास होतो. तो बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो, पण श्वास घ्यायला त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

प्रयोगशाळेत ते कसे हाताळतात?

पहिला नियम, हवा आणि पाणी यांना प्रवेश नाही. काचेची उपकरणे भट्टीत सुकवून घेतात आणि सगळे काम नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूच्या आवरणाखाली चालते. बाटलीचे तोंड रबरी पडद्याने बंद असते आणि त्यातून सुईने किंवा दोन्ही टोकांना अणी असलेल्या बारीक धातूच्या नळीने द्रव काढतात.

दुसरा नियम अंगावरच्या कपड्यांचा. आगरोधक कोट, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे, बंद बूट. अंगावर नायलॉन किंवा पॉलिएस्टर नको, कारण ते वितळून त्वचेला चिकटते.

तिसरा नियम, एकट्याने काम करायचे नाही.

हे नियम किती महत्त्वाचे आहेत, याचा धडा डायइथाइल झिंकच्या नव्हे, तर त्याच्यासारख्याच एका स्वयंज्वलनशील संयुगाच्या अपघाताने दिला. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका विद्यापीठात एक तरुण संशोधन साहाय्यक टर्शरी ब्युटाइल लिथियम हा द्रव प्लॅस्टिकच्या मोठ्या सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर निसटला, द्रव हवेत आला आणि पेटला. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, कृत्रिम धाग्यांचा स्वेटर होता. काही आठवड्यांतच तिचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये अशा रसायनांच्या हाताळणीचे नियम कडक झाले. सिरिंज काठोकाठ न भरणे, जास्त द्रव असेल तर सिरिंजऐवजी नळी वापरणे, प्रत्यक्ष रसायनाला हात लावण्याआधी साध्या द्रावकावर सराव करणे, या सवयी आज आवर्जून शिकवल्या जातात.

उरलेले रसायन मोरीत ओतणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. ते आधी हेप्टेन किंवा टोल्युइनमध्ये पातळ करतात, थंड करतात आणि मग निष्क्रिय वायूखाली आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने घालून त्याचा जोर उतरवतात. पाण्याची पाळी अगदी शेवटी येते.

आग लागलीच तर काय करतात?

- पाणी, फेस किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक जळत्या रसायनावर वापरत नाहीत.
- हॅलोजनयुक्त अग्निशामकही चालत नाही, कारण त्याच्याशीही जोरदार क्रिया होऊ शकते.
- कोरडी वाळू, सोडा अॅश किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक वापरतात.
- विझल्यासारखे दिसले तरी वाळूचा थर उकरत नाहीत. खालच्या द्रवाला हवा लागली तर तो पुन्हा पेटतो.
- आग आवाक्याबाहेर असेल तर माणसांना बाहेर काढून प्रशिक्षित अग्निशमन पथकावर काम सोपवतात.

इथे एक प्रश्न हमखास पडतो. पाणी चालत नाही, मग रसायन माणसाच्या अंगावर सांडले तर? तेव्हा मात्र सुरक्षा शॉवरखाली उभे करून भरपूर पाणीच वापरतात आणि भिजलेले कपडे काढतात. यात विसंगती नाही. अंगावर रसायन थोडे असते आणि पाण्याचा मोठा प्रवाह उष्णता आणि रसायन दोन्ही वाहून नेतो. घोटभर पाणी घातक ठरते, धो धो पाणी जीव वाचवते. उलट बाटलीभर द्रव जळत असताना त्यावर पाणी मारले, तर क्रिया वाढते आणि जळता द्रव चारी बाजूंना उडतो.

सामान्य माणसाला घाबरण्याचे कारण आहे का?

नाही. डायइथाइल झिंक घरगुती वापराच्या कोणत्याही वस्तूत नसते. झिंकच्या गोळ्या, मलमे, सनस्क्रीन यांत असलेली जस्ताची संयुगे पूर्णपणे वेगळी आहेत. ती हवेत पेटत नाहीत आणि पाण्याला घाबरत नाहीत. किंबहुना सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड म्हणजे डायइथाइल झिंक जळून गेल्यावर जे उरते, तोच पदार्थ. जे एकदा जळून चुकले आहे, ते पुन्हा काय जळणार?

मात्र इंटरनेटवर हवेत पेटणाऱ्या द्रवांचे व्हिडिओ पाहून तसे काही करून बघण्याचा मोह टाळलेलाच बरा. व्हिडिओत दिसते ती दोन सेकंदांची ज्वाला. तिच्यामागचा नायट्रोजनचा पुरवठा, सुकवलेली भांडी, वाळूची बादली आणि शेजारी उभा असलेला दुसरा माणूस कॅमेऱ्यात येत नाही. गोडार्डच्या संयंत्रात तज्ज्ञ होते, साधने होती, पैसाही होता. तरीही कुठेतरी थोडा द्रव शिल्लक राहिला आणि पाण्याने त्याला गाठलेच.